बेचाळीस वेळा दीड

गणिताच्या बाईंना शाळेत सगळे चिठ्ठीबाई म्हणायचे. तोंडावर नाही हं, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. बत्तीस वर्षं खडू झिजवल्यावर माणसाला एवढं तरी स्वतःचं मिळावं की नाही?

नाव पडलं ते दारातल्या चिठ्ठीवरून. तास संपायला पाच मिनिटं राहिली की बाई फळ्यावर त्या दिवशी शिकवलेल्यातलं एकच गणित लिहायच्या. पोरांनी ते कागदाच्या पट्टीवर सोडवायचं आणि घंटा झाली की दारात उभ्या असलेल्या बाईंच्या हातात पट्टी ठेवूनच बाहेर पडायचं. चिठ्ठी नाही तर सुटका नाही. मग मधली सुट्टी असो, नाहीतर घरी जायची घंटा.

पट्टीवर नाव लिहायचं नाही, हा बाईंचा कडक नियम. मार्क नाहीत, रागावणं नाही, घरी कळवणं नाही. 'बाई, काही कळलं नाही' एवढंच लिहिलं तरी चालेल, शेजारच्याचं बघून लिहिलेलं मात्र अजिबात चालायचं नाही. नाव नसलं तरी अक्षर असतंच की! बेचाळीस पोरांची बेचाळीस अक्षरं बाईंना अशी पाठ होती, की डोळे मिटून नुसता कागद चाचपला तरी एक पट्टी त्यांना ओळखू आली असती. ती खोडरबरची. पाठच्या बाकावरची ही मुलगी एवढं खोडायची, एवढं खोडायची, की पट्टीला भोक पडायचं. भोकाच्या कडेनं कसंबसं उत्तर बसवलेलं असायचं. वर्गानंच तिला ते नाव दिलं होतं आणि तिनं कधी हूं का चूं केलं नव्हतं.

पट्ट्या यायच्या छापखान्यातून. बाईंचे यजमान तिथे कटिंगच्या मशीनवर होते. कागदाचे गठ्ठे कापले की कडेला बोटभर रुंदीच्या पट्ट्या पडतात. त्या कचऱ्यात जायच्या त्याऐवजी पिशवीत बसून घरी यायच्या. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी बाई त्या दिवसाच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि बिस्किटांच्या तीन डब्यांत टाकायच्या. एका डब्यावर लिहिलं होतं 'पोहतंय', दुसऱ्यावर 'धापा टाकतंय', तिसऱ्यावर 'बुडतंय'. दुसऱ्या दिवशीच्या तासाची पहिली पाच मिनिटं तिसऱ्या डब्याची. कोण बुडतंय ते न सांगता बाई सगळ्यांनाच ते गणित पुन्हा शिकवायच्या. वरून देव जरी उतरला तरी आधी ही पाच मिनिटं, मग देवाचं काय ते.

एवढी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीवरच लोकांचा डोळा असतो.

बारा वर्षांपूर्वी शाळेत इतिहासाचे एक नवे सर आले होते. सडपातळ, गोड बोलणारे, आणि वर्गात गेले की पोरं त्यांच्या डोक्यावर मिरी वाटायची. एके दिवशी स्टाफरूममध्ये ते रडकुंडीला आलेले बाईंनी बघितले. "रडता कशाला? या माझ्या वर्गात, मागे बसा आणि बघा," त्या म्हणाल्या. सर महिनाभर मागच्या बाकावर बसले. चिठ्ठी कशी घ्यायची, कशी वाचायची, नाव का नको, मार्क का नकोत, सगळं बाईंनी त्यांना समजावलं. पट्ट्यांची पहिली पिशवीसुद्धा स्वतः दिली. "बाई, तुम्ही माझ्या मोठ्या बहिणीसारख्या आहात," असं तेव्हा ते म्हणाले होते. सापाला दूध पाजणारी माणसंसुद्धा निदान साप ओळखून पाजतात. बाईंनी ओळखला नाही.

सर वर चढत गेले. आधी पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक. आता सगळे त्यांना हेडसर म्हणायचे, आणि मोठ्या बहिणीला ते जिन्यात दिसले की घाई असायची.

एका संध्याकाळी बाईंच्या यजमानांनी पिशवीतून पट्ट्यांच्या ऐवजी एक छापील कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे तुमच्या शाळेचं काम आलंय आमच्याकडे. कच्चं छापून झालंय. बघ जरा," ते म्हणाले. म्हणतानाच त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

बाईंनी चष्मा लावला. वर ठळक अक्षरात 'निर्गमन पत्रिका'. खाली विद्यार्थ्याचे नाव, हजेरी क्रमांक, इयत्ता, विषय, घटक, उत्तर. मग 'मला आजचा पाठ पूर्णपणे समजला आहे' आणि शेजारी खूण करायला चौकोन. खाली विद्यार्थ्याची सही. आणि अगदी तळाशी, बारीक पण काळ्याकुट्ट अक्षरात: 'मूळ संकल्पना व मांडणी — मुख्याध्यापक'.

"मूळ!" बाई म्हणाल्या.

"जाऊ दे गं," यजमान म्हणाले. ते स्वभावानंच 'जाऊ दे' होते.

"मूळ, अहो! मूळ म्हणे! माझ्या बाकावर बसून माझ्याच पट्ट्या चघळल्या आणि आता मूळ?"

पलीकडे खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. कानानं अर्ध्या, जिभेनं पूर्ण. त्यांनी एवढंच विचारलं, "कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," बाई म्हणाल्या.

त्या रागाला पुढे खतपाणी मिळतच गेलं. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक वर्गाच्या दाराशी कुलूप लावलेली लाकडी पेटी आली. प्रत्येक तासाला प्रत्येक पोरानं पत्रिका भरायची आणि घंटा वाजली की रांगेनं, न बोलता, पेटीत टाकायची. ओळीत उभं राहायची कवायत आठवडाभर मैदानात घेतली. नाव आलं, सही आली, तिथे पोरांचं खरं बोलणं संपलं. 'मला समजलं नाही' लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती. कोण कशाला स्वतःच्या सहीनिशी ढ म्हणवून घेईल?

हेडसरांनी कार्यालयाबाहेर मोठा तक्ता लावला. वर्गवार, विषयवार उभ्या पट्ट्या. बघावं तिथे हिरवं, शंभर टक्के, अठ्ठ्याण्णव टक्के, पुन्हा शंभर. सगळी शाळा एका महिन्यात हुशार झाली! फक्त एका ठिकाणी लाल रंगाची बुटकी पट्टी होती. सातवी ब, गणित, एकेचाळीस टक्के. कारण बाई अजून छापखान्यातल्याच पट्ट्या घेत होत्या आणि डब्यात जेवढ्या निघतील तेवढ्याच खऱ्याखुऱ्या कळवत होत्या. खोटं लिहायला त्यांचा हात वळत नव्हता. आता याला सचोटी म्हणा नाहीतर आडमुठेपणा म्हणा.

मग एक दिवस हेडसरांनी त्यांना बोलावून पत्र हातात दिलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सातवी ब काढून घेतली जाईल. बाईंनी निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं साहित्यखोली सांभाळायची. साहित्यखोली म्हणजे जिन्याखालची अंधारी खोली. तिथे फाटके नकाशे, मोडके कंपास आणि उंदीर.

"मुलांना समजत नाहीये, बाई," हेडसर मऊ आवाजात म्हणाले. "आकडे बोलतायत. आकडे मी लिहिले नाहीत, तुम्हीच लिहिलेत."

"हो, मीच लिहिले. मला मेलीला खोटं लिहिता येत नाही ना!"

"पद्धत काळाबरोबर बदलावी लागते. माझी पद्धत तुम्ही नीट समजूनच घेतली नाहीत."

माझी पद्धत! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्यांना वाटलं, टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलावा आणि... पण त्यांनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि "येते" म्हणून बाहेर आल्या. जिन्यात थांबल्या. कठडा घट्ट धरला. वर्ग गेला तर आपलं उरतं काय? मुलगी सासरी, घरी दोन म्हातारी माणसं आणि तीन डबे. डब्यात टाकायला काय, उंदरांच्या चिठ्ठ्या?

"बाई, पाणी देऊ?" शेजारी शिपाई उभे होते. शाळेत त्यांना सगळे मामा म्हणायचे, हेडसरसुद्धा.

"नको मामा."

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. "एक सांगू? त्या हिरव्या तक्त्याचं मनाला लावून घेऊ नका. दिवसभराच्या पत्रिका पहिल्याच तासाला भरून होतात. फळ्यावर उत्तरं लिहून देतात, पोरं उतरवून घेतात. सहा तासांच्या सहाच्या सहा. मग घंटेला एकेक टाकतात पेटीत. परवा विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, तास झालाच नाही. तरी पेटीत बेचाळीस पत्रिका! शंभर टक्के समजलं!"

"हेडसरांना माहीत आहे?"

"त्यांनीच तर सांगितलं सगळ्यांना, वेळ वाचतो म्हणून."

बाईंनी कठडा सोडला. तास व्हायच्या आधीच समजलं! जो माणूस महिनाभर त्यांच्या मागच्या बाकावर बसला होता, त्याला एवढं एकच समजलं नव्हतं. चिठ्ठी शेवटी का घेतात, हेच. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला खरा, पण बिळाचं तोंड कुठे आहे तेच त्याला ठाऊक नव्हतं.

दुसरी कुणी असती तर लगेच वर तक्रार केली असती. बाईंनी नाही केली. तक्रार केली की चौकशी, चौकशीला समिती, समितीला तारीख, आणि तोवर बाई जिन्याखाली. शिवाय तक्रारीनं माणूस फार तर अडचणीत येतो. बाईंना तो अडचणीत नको होता. त्यांना तो सपशेल तोंडावर आपटलेला बघायचा होता, सगळ्यांसमोर, आणि तेही पहिल्या रांगेत बसून. सूड या शब्दाची त्यांना लाज वाटत नव्हती. हो, सूड. बारा वर्षं पोसलेल्या भावाची भाऊबंदकी झाल्यावर दुसरं काय घ्यायचं?

संधी पंधरा दिवसांत आपल्या पायांनी चालत आली. तपासणी अधिकारी मॅडम येणार होत्या. हेडसरांची पत्रिका-पद्धत सगळ्या शाळांना लावायची का, ते त्यांनी ठरवायचं होतं. हेडसर स्वतः नमुना पाठ घेणार होते. आणि वर्ग कुठला निवडला असेल? सातवी ब! बाईंच्या हाताखाली जे बुडाले ते माझ्या हाताखाली कसे तरंगतात बघा, हे दाखवायला. पाठ ठरला अपूर्णांकांचा भागाकार. इतिहासाच्या माणसानं आठवडाभर तो घोकून घोकून पाठ केला.

त्या दिवशी पहिला तास बाईंचाच होता. त्या वर्गाच्या दाराशी पोचल्या तर आत हेडसर. नवा कोट, हातात पत्रिकांचा गठ्ठा. फळ्यावर त्यांनी लिहिलं होतं: 'घटक: अपूर्णांकांचा भागाकार. पाऊण भागिले अर्धा. उत्तर: दीड.' पोरं माना खाली घालून उतरवून घेत होती.

"पाचव्या तासाला घंटा झाली की रांगेनं पेटीत टाकायच्या. मध्ये कुणी काही विचारायचं नाही, बोलायचं नाही. समजलं?"

"हो स-र."

हेडसरांनी फळा पुसला आणि दारातून जाताना बाईंकडे बघून हसले. "बाई, तुम्ही मागे बसा आज. शिकण्यासारखं आहे."

"बसते की," बाई म्हणाल्या.

ते गेल्यावर पाठच्या बाकावरून खोडरबर उठली आणि टेबलाशी आली. तिची पत्रिका अर्धी कोरी होती.

"बाई, गणिताचंही तास व्हायच्या आधीच लिहायचं? समजलं म्हणून सही करायची?"

आता इथे थांबा जरा. बाईंनी बत्तीस वर्षं पोरांना काय शिकवलं होतं? न समजलेलं समजलं म्हणून लिहायचं नाही, हेच ना? एक शब्द पुरे होता. 'नको लिहूस' म्हटलं असतं तर ती पोरगी खुशीनं जागेवर गेली असती. पण एकानं नाही लिहिलं तर दुसरं विचारणार, दुसऱ्यानं विचारलं तर हेडसरांच्या कानावर जाणार, आणि इतके दिवस जपून ठेवलेला डाव फुटणार. बेचाळीसच्या बेचाळीस हव्या होत्या बाईंना.

"सांगितलंय तसं लिही," त्या म्हणाल्या. तिच्याकडे न बघता.

खोडरबरनं लिहिलं, आणि तेही एकदासुद्धा न खोडता.

पाचव्या तासाला मॅडम आल्या. जाड चष्मा, पायात सपाट चपला, हातात स्वतःची वही. गोड बोलण्याला विरघळेल असं काही त्या चेहऱ्यावर नव्हतं. हेडसरांनी सुरुवात केली. "मॅडम, या पद्धतीचं वैशिष्ट्य असं, की हिला पूर्वतयारी लागत नाही. कोणताही वर्ग घ्या, कोणताही धडा घ्या, तास संपल्या संपल्या कुणाला किती समजलं ते हातात येतं. मूळ कल्पना मला सुचली तेव्हा..."

बाईंनी दातावर दात दाबले.

मॅडम बाईंकडे वळल्या. "वर्गाच्या गणिताच्या शिक्षिका तुम्हीच ना? कुठवर आलंय?"

हाच तो क्षण. बाईंनी तो पंधरा दिवस मनात इतक्या वेळा घोळवला होता, की आता आवाज अगदी दुधासारखा आला.

"अपूर्णांकांचा भागाकार तर मागच्या महिन्यातच झालाय, मॅडम. वर्तुळाचा परीघ राहिलाय. मला मेलीला काही तो नीट जमत नाही. सरांच्या हातून झाला तर पोरांचं कल्याण होईल. नाहीतरी सरांना पूर्वतयारी लागत नाहीच."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, 'जमत नाही' सोडून.

"मग झालेला धडा कशाला?" मॅडम म्हणाल्या. "परीघ घ्या, सर."

हेडसरांनी बाईंकडे पाहिलं. बाई हसल्या. सकाळी ते हसले होते तशाच.

पुढची तीस मिनिटं बाईंनी कशी उपभोगली ते काय सांगावं! हेडसरांनी फळ्यावर वर्तुळ काढलं, ते बटाट्यासारखं आलं. त्रिज्या आणि व्यास यांची त्यांनी अदलाबदल केली, परत केली, मग फळा पुसला. परिघाचं सूत्र म्हणून क्षेत्रफळाचं सूत्र लिहिलं. एका मुलानं हात वर केला, तर "शेवटी विचार" म्हणून बसवलं. कोटाच्या आत पाठ भिजली. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या, मान न उचलता. बाई मागच्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि एकेका चुकीला मनातल्या मनात 'घे' म्हणत होत्या. मोठी बहीण काय? घे. मूळ संकल्पना काय? घे. साहित्यखोली काय? घे!

शेवटी एकदाचं त्यांनी गणित लिहिलं. चौदा सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ किती? आणि घंटा झाली.

हेडसरांना तेव्हा आठवलं. बाईंना त्यांच्या चेहऱ्यावर ते आठवताना दिसलं. "मुलांनो, थांबा, आज पत्रिका नको..." पण पोरांना त्यांनीच कवायत शिकवली होती. घंटा झाली की उठायचं, रांगेनं जायचं, बोलायचं नाही, विचारायचं नाही. तोवर सात-आठ पत्रिका पेटीत पडल्यासुद्धा. आणि मॅडम पेटीशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "टाकू द्या की. तेच तर बघायला आलेय मी."

बेचाळीस पत्रिका. मॅडमनी मामांकडून किल्ली घेतली, पेटी उघडली, पहिली वाचली. दुसरी वाचली. मग दहा-बारा भराभर चाळल्या.

"सर, चौदा सेंटिमीटरच्या वर्तुळाचा परीघ दीड?"

मॅडमनी आणखी दोन वर काढल्या.

"याचंही दीड, हिचंही दीड. सगळ्यांना पूर्णपणे समजलंय, सहीनिशी. काय समजलंय? हे कधी लिहिलंत, रे?" मॅडमनी समोर बघितलं. पोरं आपापल्या चपलांकडे बघत होती. मग त्यांनी हातातल्या पत्रिकेवरचं नाव वाचलं आणि हाक मारली.

खोडरबर रांगेतून पुढे आली. तिनं एकदा हेडसरांकडे पाहिलं आणि मग मागे, बाईंकडे. सरळ बाईंच्या डोळ्यांत.

बाईंनी फळ्याकडे पाहिलं.

"सकाळी," खोडरबर म्हणाली.

"खोटं बोलतेय!" हेडसर कडाडले. "मॅडम, ही वर्गातली सगळ्यात कच्ची मुलगी. हिला स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, हिच्यावर काय विश्वास ठेवता? कुणी शिकवलं तुला हे बोलायला? बोल! कुणी शिकवलं?"

मुलगी एक पाऊल मागे सरली. बोलायचं तेव्हा बाईंनी बोलायचं होतं. 'मी पाहिलंय, मॅडम. ती खरं बोलतेय.' सहा शब्दांचं काम. बाईंच्या तोंडाशी ते आलेही होते. पण हेडसर बुडत होते ना! जितकं ओरडत होते तितके खोल जात होते, आणि बाईंना ते आणखी थोडं बघायचं होतं. आणखी एक मिनिट. बारा वर्षांचं एकच मिनिट. मुलगी हमसून हमसून रडायला लागली, तेव्हा बोलले ते मामा.

"खरं बोलतेय पोरगी," दारातून मामा म्हणाले. "रोजच सकाळी भरतात."

झालं. त्यानंतर सगळं भराभर झालं. मॅडमनी पेटीच उचलून नेली. संध्याकाळपर्यंत कार्यालयाबाहेरचा हिरवा तक्ता उतरला. हेडसरांकडे लेखी खुलासा मागवला गेला. त्या खुलाशाचं कोणी काय केलं असेल ते सोडा, पण साहित्यखोलीचं पत्र रद्द झालं आणि सातवी ब बाईंकडेच राहिली. स्टाफरूममध्ये ज्यांनी महिनाभर शंभर टक्के लिहिले होते, तेच आता "आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच, बाई" म्हणत चहा पुढे करत होते. जिन्यात हेडसर समोर आले. कोट हातावर टाकलेला. ते बाजूला झाले आणि बाईंनी थांबून त्यांना नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत. बाईंना वाईट वाटलं का? छे! तिळाइतकंही नाही. बाईंनी घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, "मेलं बरं का एकदाचं." सासूबाई म्हणाल्या, "कोण?" आणि यजमानसुद्धा हसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्तुळाचा परीघ शिकवला. झकास शिकवला. भांड्याचं झाकण, दोरा आणि पट्टी घेऊन पोरांकडून मोजूनच घेतला. शेवटी एक गणित लिहिलं, छापखान्याच्या पट्ट्या वाटल्या आणि घंटेला दारात हात पुढे करून उभ्या राहिल्या. आता पेटी नाही, पत्रिका नाही, हातात फक्त खरा कागद पडत होता. बाईंचा ऊर भरून आला. खोडरबरनं मान खाली घालून पट्टी दिली आणि गेली.

संध्याकाळी टेबलाशी त्या वाचायला बसल्या. पोहतंय, पोहतंय, धापा टाकतंय, पोहतंय. मग एक पट्टी आली. त्या पट्टीवर गणित नव्हतंच.

'बाई मी सकाळी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हाला माहीत होतं. मग लिही का म्हणालात. आणि नंतर बोलला का नाहीत.'

अक्षर कुणाचं, ते सांगायला नको. पण बाईंनी पट्टी उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिली. कुठेही भोक नव्हतं. एकदाही खोडलेलं नव्हतं.

यजमानांनी विचारलं, "काय झालं गं?" बाईंनी पट्टी तळहाताखाली झाकली. आधी त्यांना रागच आला. वर्षभर जिच्यासाठी पाच-पाच मिनिटं... मग राग बसायला जागाच सापडेना. हेडसरांनी त्या पोरीला सगळ्यांसमोर कच्ची म्हटलं, ते त्यांच्या रक्तातच होतं. पण तिला त्यांच्या तोंडी द्यायला उभं कुणी केलं होतं? बाईंनी ती पट्टी फाडून टाकली असती तर जगात कुणाला कळलं नसतं. त्यांनी ती घडी न घालता तिसऱ्या डब्यात टाकली, झाकण लावलं. आणि झाकण लावताक्षणी त्यांना कळलं, की उद्याची पहिली पाच मिनिटं आता त्या डब्याची आहेत.

सकाळी हजेरी झाली. बाई फळ्याकडे न जाता टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात खडू होता, तो त्यांनी दोनदा या हातातून त्या हातात घेतला.

"काल एका चिठ्ठीत एक प्रश्न आलाय," त्या म्हणाल्या. "कुणाचा ते आपण विचारत नाही. उत्तर असं आहे, की हो, मला माहीत होतं. परवा सकाळी तुम्ही जे लिहीत होतात ते चूक आहे हे मला माहीत होतं आणि मी लिहू दिलं. हेडसरांना आपटायचं होतं मला. त्यासाठी तुम्हाला वापरलं. आणि एक जण खरं बोलत होतं, एकटं, तेव्हाही मी गप्प बसले. घाबरून नाही. मजा वाटत होती म्हणून."

मग मधल्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारलं, "बाई, पण आपटले ना?"

सगळा वर्ग फस्सकन हसला. बाईंनाही हसू आलं, नाही म्हणायचं कशाला? त्यांनी पाठच्या बाकाकडे पाहिलं. तिथे एक मुलगी हसत नव्हती. ती बाईंकडे बघत होती, परवा बघितलं होतं तशीच, सरळ डोळ्यांत. या वेळी बाईंनी नजर काढून घेतली नाही.

"आपटले," त्या म्हणाल्या. "पण माझं चुकलं."

मग त्या फळ्याकडे वळल्या आणि वर्तुळ काढलं.